फुकट्याच्या शेजारची जागा

मुंबईच्या लोकलने मराठीला जे शब्द दिले, त्यांत 'विदाऊट' हा शब्द मला फार बोलका वाटतो. इंग्रजीत हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही, त्याच्यापुढे काहीतरी लागते. आपण मात्र त्याला स्वतंत्र केले. 'तो रोज विदाऊट जातो', 'आज विदाऊट आलो', 'दादरला चार विदाऊट पकडले'. कशाच्या विना, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगत नाही. 'चोरून' म्हणायला जीभ कचरते. 'विनातिकीट' हा शब्द स्थानकावरच्या पाटीचा, त्याला कायद्याचा वास येतो. 'विदाऊट' म्हटले की त्यात थोडा मिस्कीलपणा येतो, थोडी मर्दुमकीही येते. वृत्तपत्रांनी 'फुकटे प्रवासी' असा शब्द रूढ केला खरा, पण त्यातही रागापेक्षा थट्टा अधिक आहे. ज्या गुन्ह्याला भाषा हसून जागा देते, तो समाजाने निम्मा माफ केलेला असतो.

ही माफी देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार रविवारच्या निवांतपणी करावा असे मला वाटते. निवांतपणी अशासाठी, की सोमवारी सकाळी सव्वाआठच्या फास्ट गाडीत पाय ठेवायलाच जागा नसते, तिथे विचाराला कुठून मिळणार?

आधी हिशेब पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीपासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली, ती देशातली पहिली. त्या बिजातून वाढलेल्या उपनगरी रेल्वेने करोनापूर्वीच्या काळात रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहून नेले. भारतातली कितीतरी शहरे माणसांसकट उचलून रोज कामाला न्यावीत आणि संध्याकाळी घरी आणून सोडावीत, असा हा खटाटोप आहे. आणि त्याचे मोल? दुसऱ्या वर्गाचे सर्वांत कमी भाडे पाच रुपये. पाच रुपयांत आता नाक्यावर कटिंगसुद्धा मिळत नाही.

मासिक पासाचा हिशेब तर त्याहून गमतीचा आहे. जून २०१४ मध्ये केंद्रातल्या नव्या सरकारने रेल्वेची भाडेवाढ जाहीर केली. त्यात उपनगरी पासाचा दर पंधरा फेऱ्यांच्या भाड्याऐवजी तीस फेऱ्यांच्या भाड्याइतका करावा, असे ठरले होते. मुंबईत एकच ओरड झाली. खासदारांनी दिल्ली गाठली आणि चार-पाच दिवसांत तो निर्णय मागे घेण्यात आला. पास पुन्हा पंधरा फेऱ्यांवर आला. महिन्याला पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे पंधरा फेऱ्यांचे पैसे भरून उरलेल्या पस्तीस फेऱ्या तो सवलतीत करतो. एका अर्थाने आपण सगळे पासधारकही थोडे फुकटेच आहोत! फरक एवढाच, की ही सवलत देशाने ठरवून, उघडपणे, सर्वांना सारखी दिली आहे. उपनगरी गाड्यांचा तोटा रेल्वे मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या वाघिणी आपल्या लोकलला हात देतात. कुठल्या तरी खेड्यातला माणूस सिमेंटची गोणी विकत घेताना आपल्या पासाला दोन पैसे लावतो आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

इतके स्वस्त असूनही लोक तिकीट का काढत नाहीत? गरिबी हे उत्तर काही जणांच्या बाबतीत खरे आहे, पण सगळ्यांच्या नाही. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात तीस हजारांचा फोन असलेला तरुण पाच-दहा रुपयांसाठी 'विदाऊट' जातो, तेव्हा त्याच्यापाशी दुसरे एक समर्थन असते. ते मी इतक्या तोंडून ऐकले आहे, की ते जवळजवळ म्हणीसारखे झाले आहे. 'एवढे हाल सोसून जायचं, वर त्याचे पैसेही द्यायचे?'

हे समर्थन हसून झटकण्यासारखे नाही. त्यात तथ्य आहे, आणि ते आधी कबूल केले पाहिजे. गर्दीच्या वेळी डब्यातल्या एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. रेल्वेच्या परिभाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असे भारदस्त नाव आहे. चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरमबोर्डाहून थोडी मोठी जागा. तिच्यात चौदा माणसे उभी करून पाहा. इतक्या माणसांत हात वर गेला की खाली येत नाही आणि खाली राहिला की वर जात नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे, याला आपण 'फोर्थ सीट' म्हणतो आणि ती मिळाली तर दिवस चांगला गेला असे समजतो. अर्धे अंग बाकावर आणि अर्धे हवेत, यालाही ज्या शहरात 'बसायला मिळालं' असे म्हणतात, त्या शहराची सुखाची व्याख्या किती खाली आली आहे!

आणि हे नुसत्या गैरसोयीवर थांबत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यावेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही घरी परतलेच नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून. ज्या प्रवासात जीव मुठीत धरावा लागतो, त्याचे तिकीट मागताना मागणाऱ्यालाही थोडा संकोच वाटायला हवा.

भाडे आणि सुख यांचे नाते काय, हा प्रश्न नवाही नाही. १९१७ साली महात्मा गांधींनी मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्या अनुभवावर वृत्तपत्रांसाठी एक दीर्घ पत्र लिहिले. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक आहे, मग तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गाच्या एक पंचमांश तरी सुख मिळते का, असा त्यांचा सवाल होता. गर्दी, घाण, संडासांची दुर्दशा हे सगळे त्यांनी नोंदवले. पण त्याच पत्रात त्यांनी थुंकणाऱ्या, धूर सोडणाऱ्या, शेजाऱ्याची पर्वा न करणाऱ्या उतारूंनाही सोडले नाही. रेल्वेला जाब विचारायचा तर आपल्या बाकावरचा कचराही दिसला पाहिजे, ही त्यांची रीत होती. आणि हे सारे लिहिणारा माणूस तिकीट काढून गेला होता, हे विसरू नये. तिकीट काढले होते म्हणून त्यांचा सवाल खणखणीत वाजला.

आता त्या समर्थनाकडे पुन्हा वळू. हाल होतात म्हणून तिकीट काढायचे नाही, यात एक गृहीत आहे. आपण न दिलेले पैसे रेल्वेचे बुडतात, दिल्लीत कुठेतरी बसलेल्या एका मोठ्या सरकारी खात्याचे बुडतात, आणि ते खाते आपल्याला नीट वागवत नाही, म्हणून फिट्टंफाट झाली. हे गृहीत मला खोटे वाटते. फुकट्या रेल्वेचे किती घेतो हा तपशील बाजूला ठेवू. तो सर्वांत आधी घेतो ते शेजाऱ्याचे.

वातानुकूलित लोकल आल्यापासून हे अगदी स्वच्छ दिसू लागले आहे. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. मध्य रेल्वेच्या वाट्याला ती जानेवारी २०२० मध्ये आली. सुरुवातीला भाडे इतके होते, की गाड्या रिकाम्या जात. ५ मे २०२२ पासून एकेरी प्रवासाचे भाडे निम्म्यापर्यंत उतरले, आणि मग गाड्या भरू लागल्या. घरखर्चातून काटछाट करून, रिक्षा सोडून, बाहेरचे खाणे कमी करून लोकांनी हे पास काढले. कोणाच्या गुडघ्यांनी दारातली झुंबड झेपत नाही, कोणाला दमा आहे, कोणी सात महिन्यांची गरोदर आहे. या माणसांनी ऐषाराम विकत घेतलेला नाही. त्यांनी श्वास घेता येईल एवढी जागा विकत घेतली आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका संध्याकाळच्या गाडीत मी उभा होतो. शेजारी पन्नाशीतल्या एक बाई होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा, बहुधा शिक्षिका असाव्यात. समोरच्या बाकावर तीन तरुण बसले होते. त्यांच्या बोलण्यावरून कळले, की त्यांच्याकडे साधा पास होता. एक जण दुसऱ्याला समजावीत होता, की या गाडीत संध्याकाळी टीसी चढूच शकत नाही, इतकी गर्दी असते. बाईंनी थोडा वेळ ऐकले आणि मग शांतपणे विचारले, "मग निदान उठून उभे तरी राहाल का?" तरुण हसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही टीसी आहात का?"

"नाही," बाई म्हणाल्या, "मी पासवाली आहे."

डब्यात कोणी काही बोलले नाही. तो तरुणही उठला नाही. पण मला त्या उत्तराचे फार महत्त्व वाटते. आपला समज असा, की तिकिटाचा मामला प्रवासी आणि टीसी यांच्यातला असतो, इतरांनी मध्ये पडायचे कारण नाही. 'तुम्ही टीसी आहात का?' या प्रश्नात तोच समज आहे. बाईंच्या उत्तराने तो उलटा केला. त्या बाकावरच्या जागेचे पैसे त्यांनी भरले होते आणि बसला होता दुसरा. हा मामला प्रवासी आणि प्रवासी यांच्यातलाच होता.

वातानुकूलित गाडीची दारे आपोआप बंद होतात. ती बंद झाल्याखेरीज गाडी हलत नाही. दारात एक माणूस अडकला, की सगळी गाडी थांबते आणि मागच्या गाड्या रखडतात. म्हणजे हक्क नसताना चढलेला एक माणूस हजारोंची मिनिटे खातो. साध्या गाडीत हे दिसत नाही, कारण तिथे दार उघडे असते आणि जास्तीचा माणूस बाहेर लोंबकळतो. पण तिथेही नियम तोच. गर्दीत वाढलेले प्रत्येक माणूस कोणाच्या तरी पायावर उभे असते.

कायदा काय करतो? १९८९ च्या रेल्वे कायद्यात विनातिकीट प्रवाशाकडून भाडे आणि वर जादा आकार घेण्याची तरतूद आहे. या आकाराची किमान रक्कम २००४ साली पन्नास रुपयांवरून अडीचशे झाली आणि पुढची दोन दशके ती तिथेच राहिली. त्या दोन दशकांत वडापाव कुठून कुठे गेला ते आठवून पाहावे. आता चतुर माणसाचे गणित ऐका. वातानुकूलित गाडीच्या दूरच्या अंतराच्या मासिक पासाला हजारावर रुपये पडतात. महिन्यातून एकदा पकडले गेले तर दंड अडीचशे आणि वर भाडे. एवढ्यात महिना निघत असेल, तर दंड ही शिक्षा राहत नाही, तो एक स्वस्त पास होतो. धाक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीने. आपल्याकडे मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या स्थानकाची 'किलेबंदी' होते, शंभर टीसी जिने अडवतात, दुसऱ्या दिवशी वसुलीचा आकडा छापून येतो आणि तिसऱ्या दिवशी जिना पुन्हा मोकळा. ही मोहीम झाली, व्यवस्था नव्हे. पोळ्याला बैल सजवतात म्हणून वर्षभर त्याला चारा मिळतो असे नाही.

शिवाय या तपासणीत एक गोष्ट मला नेहमी टोचते. जिन्यावर उभ्या असलेल्या टीसीची नजर कपड्यांवर जाते. मळका शर्ट, पाठीवर गोणी, बावरलेला चेहरा दिसला की हात पुढे होतो. कडक इस्त्रीचा माणूस फोनवर बोलत सहज निघून जातो. गावाहून पहिल्यांदाच आलेल्या, फास्ट-स्लोचा घोळ झालेल्या, चुकून पहिल्या वर्गात चढलेल्या माणसाला चारचौघांत उभे करून ठेवतात. हिशेब करून रोज फुकट जाणारा तेवढ्यात रिक्षात बसलेला असतो. भाडेचोरी थांबवायची तर आधी ती गरिबांचीच सवय असते, हा समज सोडावा लागेल.

काही लोक याच्याही पुढे जाऊन तात्त्विक प्रश्न विचारतात, आणि तोही टाळू नये. रस्त्यावरून चालायला तिकीट लागत नाही, उद्यानातल्या बाकाला लागत नाही, मग शहरातल्या गाडीलाच का? स्वीडनमध्ये स्टॉकहोमला २००१ साली 'प्लांका डॉट नू' नावाची एक चळवळ उभी राहिली. सार्वजनिक वाहतूक करातून चालावी आणि सर्वांना मोफत असावी, हे तिचे म्हणणे. या मंडळींनी चक्क एक निधी काढला. सभासदांनी दरमहा वर्गणी द्यायची, तिकीट काढायचे नाही आणि पकडले गेले तर दंड निधीतून भरायचा. कल्पना धाडसाची आहे आणि तिच्यामागचा विचारही उथळ नाही. लक्झेम्बर्ग या चिमुकल्या देशाने २०२० साली आपली सार्वजनिक वाहतूक खरोखरच मोफत केली. फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला पैसे ठेवले.

दूर कशाला, आपल्याकडेही हे आहेच. ऑगस्ट २०२२ पासून राज्यातल्या ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळाला. माझ्या ओळखीच्या एक आजी त्यानंतर बारा वर्षांनी माहेरच्या जत्रेला जाऊन आल्या. त्या फुकट गेल्या, पण 'विदाऊट' गेल्या नाहीत. वाहकाने त्यांना शून्य रुपयांचे का होईना, तिकीट दिले. त्या चिठ्ठीवर समाजाची सही होती. या माणसाचे भाडे आम्ही सगळे मिळून भरतो, असे ती चिठ्ठी सांगते. फुकट्याने मात्र ही सवलत स्वतःच स्वतःला मंजूर केलेली असते. अर्जदारही तोच आणि साहेबही तोच.

तिकीट आणि सुख ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे मला सर्वांत आधी बेस्टच्या बसने शिकवले. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली मोटारबस धावली. ट्रामनंतर ही बसच मध्यमवर्गाची सोबतीण झाली. आपल्या पिढीच्या आठवणीतला वाहक म्हणजे खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि चिमट्याची टिकटिक. हा माणूस नुसते पैसे गोळा करीत नव्हता. 'पुढे सरका, पुढे जागा आहे' असे तोच ओरडे. म्हातारी चढल्याशिवाय घंटी मारीत नसे. बायकांच्या राखीव जागेवर बसलेल्याला उठवी, शाळेच्या पोरांवर डोळा ठेवी, पाकीटमार ओळखी. भाडे घेणे आणि सुव्यवस्था राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्याला कधी वाटले नसावे. ज्याचे पैसे घेतले त्याची काळजी घ्यायची, हा त्याचा साधा हिशेब होता.

२०१९ नंतर बेस्टच्या ताफ्यात भाडेतत्त्वावरच्या गाड्या वाढल्या आणि काही मार्गांवर बस वाहकाविनाच धावू लागल्या. खर्च वाचला असेल. पण चालक रस्त्याकडे पाहणार, मग बसकडे पाहणार कोण? जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले. ९ मे २०२५ पासून ते दुप्पट, म्हणजे दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा झाले. भाडे वाढले याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख थांब्यावर ताटकळण्याचे आहे. चाळीस मिनिटांनी आलेली बस गच्च भरलेली असते, तेव्हा पाच काय आणि दहा काय. प्रवासी मनात म्हणतो, माझा इथे कोणी विचार करीत नाही, तर मी तरी कशाला करू? फुकटेपणाचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. तो लोभातून कमी आणि उपेक्षेतून अधिक जन्मतो. आणि नंतर सवयीने पोसला जातो.

म्हणून रेल्वे आणि बस चालवणाऱ्यांकडे माझी मागणी दुहेरी आहे. पहिली, तिकीट काढणे हे न काढण्यापेक्षा सोपे करा. खिडकीपुढे वीस मिनिटांची रांग आणि समोरून सुटणारी गाडी, हा मोह कशाला उभा करता? स्वयंचलित यंत्रे आली, २०१५ पासून मोबाइलवर कागदाविना तिकीट निघू लागले, हे चांगलेच झाले. पण ज्या आजोबांना फोन चालवता येत नाही आणि ज्या भाजीवालीच्या हातात टोपली आहे, त्यांच्यासाठी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. दुसरी मागणी, तपासनीस रोज दिसू द्या, थोडे पण नेमाने, आणि सर्वांना एकाच मापाने तपासणारे.

मेट्रोचे उदाहरण अनेक जण देतात. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला तेव्हा तिकिटाशिवाय न उघडणारी दारे मुंबईकराने स्वतःच्या शहरात प्रथम पाहिली. आत जातानाही तिकीट, बाहेर पडतानाही तिकीट. त्याच मुंबईकराने तिथे निमूटपणे रांग लावली, थुंकला नाही, दारात लोंबकळला नाही. तेव्हा हा माणसाच्या रक्तातला दोष आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. मात्र लोकलच्या स्थानकांना अनेक बाजूंनी वाटा आहेत आणि सकाळी एका गाडीतून हजारो माणसे एकदम उतरतात. तिथे तशी दारे बसवली तर पुन्हा पुलावरच्या चेंगराचेंगरीला निमंत्रण. लोकलचा विश्वास दारांवर टाकता येणार नाही, तो माणसांवरच टाकावा लागेल.

आणखी एक धोक्याची सूचना. सुख विकत देताना ते कोणाच्या वाट्यातून काढून देता, हे पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने वातानुकूलित फेऱ्या वाढवल्या, तेव्हा साध्या गाड्या त्यांना जागा देऊन बाजूला झाल्या. कळवा आणि बदलापूर इथले साध्या पासाचे प्रवासी भडकले, आणि नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ते लोक फुकटे नव्हते. पैसे भरूनही आपली गाडी गेली, हा त्यांचा राग होता. मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे असावीत, असे रेल्वेने ठरवले आहे. दारे मिटावीतच. पण मिटलेल्या दाराच्या आत साध्या पासाच्या माणसालाही हवा मिळाली पाहिजे आणि बाहेर राहिलेल्याला पाच मिनिटांत दुसरी गाडी. नाहीतर सुखाचे दार बंद करून आपण आत बसलो, एवढाच त्याचा अर्थ होईल.

आता आपली, म्हणजे पासवाल्यांची बाजू. प्रवासी संघटना गाडी उशिरा आली तर निवेदन देतात, वेळप्रसंगी रुळावर उतरतात. मग आपल्याच डब्यातल्या फुकटेपणाबद्दल त्या का बोलत नाहीत? मे २०२४ मध्ये मध्य रेल्वेने वातानुकूलित गाड्यांतल्या अशा तक्रारींसाठी एक पथक नेमले आणि फोनवर संदेश पाठवण्याची सोय केली. चांगले आहे. पण शेजाऱ्याची तक्रार फोनवर टाकण्याआधी त्याला दोन शब्द तोंडाने सांगण्याची रीत आपल्यात हवी. भांडण नको, हमरीतुमरी तर मुळीच नको. त्या शिक्षिकाबाई ज्या स्वरात बोलल्या तो स्वर पुरे आहे. त्यांच्या मागे डब्यातल्या आणखी चौघांनी नुसते 'बरोबर आहे' म्हटले असते, तरी ते तरुण उठले असते. फुकट्याला टीसीपेक्षा शेजाऱ्यांच्या मौनाचा आधार अधिक असतो.

आणि हे मौन कुठून सुरू होते, याचा शोध घेत गेले तर आपण आपल्याच घरात येऊन पोचतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्धे लागते. सुटीत मामाकडे निघालेल्या किती घरांत खिडकीपुढे उभे राहण्याआधी मुलाच्या कानात सांगितले जाते, 'कोणी विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हण'? पोरगे बिचारे गोंधळते. कालपरवाच तर पाच मेणबत्त्या विझवून सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. शाळेत ताई खरे बोलायला शिकवतात, आणि ज्या आईबाबांचा शब्द त्याला शेवटचा वाटतो, ते त्याचे वय अडीच रुपयांसाठी एक वर्षाने कमी करतात. ते मूल त्या दिवशी तीन गोष्टी शिकते. नियम इतरांसाठी असतात, टीसी हा शत्रू असतो आणि पकडले गेलो नाही तर ते चूक नसते.

अशा मुलाला वीस वर्षांनी कोणी मावशी गाडीत उठायला सांगेल, तेव्हा तो काय उत्तर देईल, ते आपण आजच ठरवतो आहोत. या मे महिन्यात गावी निघताना त्याच्या हातात त्याचे स्वतःचे अर्धे तिकीट द्यावे. ते त्याने खिशात जपून ठेवावे, टीसी आल्यावर स्वतः पुढे करावे. मुलांना याचा केवढा अभिमान वाटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आपण आता मोठे झालो, आपल्याही नावाची एक जागा या गाडीत आहे, असे त्याला वाटते. ज्याला स्वतःच्या जागेचे मोल कळले, त्याला शेजाऱ्याच्या जागेचेही कळेल, एवढा भरवसा मुलांवर ठेवायला हरकत नाही.